नोंदीखाली वर्ष हवे : एपिस्कोपल चर्चच्या ऑनलाइन कोशाविषयी

आमच्या देवळाच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक पॅस्टोरेट कमिटीपुढे आले, तेव्हा त्यात ‘नार्थेक्सचे छत’ अशी एक बाब होती आणि बैठकीला बसलेल्यांपैकी एकालाही नार्थेक्स म्हणजे देवळाचा नेमका कोणता भाग हे सांगता येईना. अंदाजपत्रक करणाऱ्या वास्तुविशारदाने तो शब्द जुन्या इंग्रजी नकाशावरून जसाच्या तसा उचलला होता. मी मोबाइलवर अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या, म्हणजे तिथल्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) चर्चच्या, संकेतस्थळावरचा कोश उघडला. नेव्हच्या, म्हणजे मंडळी जिथे बसते त्या मुख्य भागाच्या, प्रवेशाकडील टोकाला असलेली बंदिस्त जागा, एवढा खुलासा पहिल्याच वाक्यात मिळाला. “अहो, म्हणजे आपली पडवीच की!” असे म्हणून खजिनदारांनी पुढची बाब वाचायला घेतली.

त्या दिवसापासून हा कोश मी जवळजवळ दर आठवड्याला वापरतो, कारण मंडळीसाठी एक छोटी मराठी शब्दसूची तयार करण्याचे काम माझ्या अंगावर येऊन पडले आहे. प्रार्थनापुस्तक, उपासनेची वस्त्रे, सणांची नावे, पदांची नावे अशा शेकडो शब्दांसाठी मी त्याचे दार ठोठावले आहे आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतलो नाही. तरीही त्यातला मजकूर छापायला घ्यायचा झाला की हात थांबतो. असे का होते, हे या परीक्षणात सांगायचे आहे.

मूळ कोश छापील आहे. डॉन एस. आर्मेंट्रॉट आणि रॉबर्ट बोक स्लोकम या दोघांनी संपादित केलेला हा ग्रंथ न्यूयॉर्कच्या चर्च पब्लिशिंग या संस्थेने २००० साली प्रसिद्ध केला. त्यात तीन हजारांहून अधिक नोंदी आहेत. आर्मेंट्रॉट टेनेसी राज्यातील सेवानी येथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात चर्चचा इतिहास शिकवत असत आणि या कोशापूर्वी याच दोघांनी एपिस्कोपल चर्चच्या इतिहासातील मूळ कागदपत्रांचा एक संग्रहही संपादित केला होता. कागदपत्रे हाताळलेल्या माणसांची ही नजर कोशात जाणवते. चरित्रनोंदींत नावापुढे जन्ममृत्यूच्या तारखा येतात, मग माणूस कुठे जन्मला, कुठे शिकला, कुणी केव्हा दीक्षा दिली, हे क्रमाने येते आणि विशेषणांचा पाऊस कुठेच नसतो. अनेक धर्मप्रांतांच्या नोंदी त्यांची पहिली परिषद कधी आणि कुठे भरली हे सांगूनच सुरू होतात. इतिहासाच्या अभ्यासकाला हे सोन्यासारखे आहे. इतरांनी अशा नोंदी खुशाल ओलांडून पुढे जावे.

धर्मसंस्थेने स्वतःच काढलेला कोश म्हटले की आपल्याकडचा सुशिक्षित वाचक लगेच भुवया उंचावतो, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो की हा तटस्थ आहे का. हा प्रश्न मला चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. विकिपीडियाने तटस्थ दृष्टिकोन हे आपले धोरण ठरवले आहे आणि तिथे ते शोभते, कारण तिथे लिहिणारे सगळ्या जगातून आलेले असतात. श्रद्धेच्या घरातून निघालेल्या कोशाने तटस्थतेचा आव आणला, तर मात्र तो वाचकाची फसवणूक करील. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळींनी २००४ साली ऑर्थोडॉक्सविकी नावाचा कोश सुरू केला. त्याच्या लेखनशैलीच्या नियमांत आपला कल मुख्य प्रवाहातील चाल्सेडोनीय (पाचव्या शतकातील चाल्सेडोन परिषदेचे निर्णय मानणाऱ्या) ऑर्थोडॉक्स परंपरेकडे असल्याचे स्पष्ट लिहून ठेवलेले आहे. कल हा शब्द त्यांनी स्वतःच वापरला, हे मला फार आवडले. आपण कुठे उभे राहून बोलतो आहोत, हे वाचकाला आधीच सांगितले की पुढचा हिशेब तो स्वतः करतो.

अँग्लिकनांच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही, कारण त्यांच्याकडे पोप नाही. कँटरबरीचा आर्चबिशप हा समानांमधील पहिला मानला जातो, पण दुसऱ्या देशातल्या चर्चला त्याचा हुकूम चालत नाही. १८६७ पासून भरत आलेल्या, जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेचे ठरावसुद्धा सदस्य चर्चांवर कायद्यासारखे बंधनकारक नसतात. १९९८ च्या परिषदेने मानवी लैंगिकतेविषयी परंपरेला धरून ठराव केला आणि पाचच वर्षांनी एपिस्कोपल चर्चने न्यू हॅम्पशायरचे बिशप म्हणून उघडपणे समलैंगिक असलेल्या जीन रॉबिन्सन यांचा अभिषेक केला. त्यातून दुरावलेल्या मंडळींनी २००९ साली उत्तर अमेरिकेत वेगळे चर्च उभारले. तेही स्वतःला अँग्लिकनच म्हणवते, पण ते अँग्लिकन कम्युनियनचे, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन चर्चांच्या परिवाराचे, सदस्य नाही. अशा परिस्थितीत ‘अँग्लिकन मत असे आहे’ हे वाक्य कोणत्याही कोशात आले की मी ते दोनदा वाचतो. कुणाचे मत, कोणत्या देशात, कोणत्या वर्षी, हे तीन प्रश्न त्याला लगेच चिकटतात.

पहिल्या प्रश्नात एपिस्कोपल कोश चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होतो. तो साऱ्या अँग्लिकनांचा म्हणून मिरवत नाही. एपिस्कोपल मंडळींच्या सोयीचा संदर्भग्रंथ, असे त्याच्या उपशीर्षकातच म्हटले आहे. त्यामुळे नोंदी अमेरिकेकडे झुकलेल्या आहेत ही तक्रार करण्यात अर्थ नाही. उलट त्या झुकण्याचा फायदाही होतो. सॅम्युअल सीबरी यांचेच उदाहरण घ्या. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथल्या चर्चला स्वतःचा बिशप हवा होता, पण इंग्लंडमध्ये अभिषेक घ्यायचा तर राजनिष्ठेची शपथ आडवी येत होती. म्हणून सीबरी स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला गेले आणि १४ नोव्हेंबर १७८४ रोजी तिथल्या तीन बिशपांनी त्यांचा अभिषेक केला. राजसत्तेशी असलेला हा पेच इंग्लंडच्या बाजूने सांगितला की अडगळीतल्या तपशिलासारखा वाटतो. अमेरिकेच्या बाजूने सांगितला की सगळे चर्च त्यावर उभे असल्याचे कळते.

आता शब्दांच्या निवडीकडे येतो, कारण श्रद्धेच्या कोशाची खरी परीक्षा तिथे असते. २९ जुलै १९७४ रोजी फिलाडेल्फियात अकरा स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. ती देणारे तिन्ही बिशप आपल्या प्रांताच्या कारभारातून मोकळे झालेले होते आणि चर्चच्या कायद्यात स्त्रियांना पाळकपद देण्याची तरतूद तोवर झालेली नव्हती. पुढच्याच महिन्यात शिकागोत जमलेल्या बिशपांच्या सभागृहाने वैध दीक्षेसाठी आवश्यक त्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत, असे ठरवले. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, मिनियापोलिसच्या सर्वसाधारण परिषदेने स्त्रियांच्या दीक्षेला मान्यता दिली आणि त्यानंतर त्या अकरा जणींचे पाळकपदही रीतसर मानले गेले. आता कोशकाराने कोणता शब्द लिहावा? ‘अवैध’ लिहिले तर ती दीक्षा मुळात झालीच नाही असा अर्थ होतो आणि नंतर ती रीतसर कशी झाली याचा उलगडा होत नाही. ‘नियमबाह्य’ लिहिले तर दीक्षा झाली, फक्त रीत चुकली, असा अर्थ होतो. चर्चमध्ये रूढ झाला तो दुसरा अर्थ. पण १९७४ च्या ऑगस्टमध्ये बिशपांचे म्हणणे पहिल्या अर्थाच्या जवळचे होते, हे लपवून दुसरा शब्द वापरणारा कोश मला अप्रामाणिक वाटेल. दोन्ही शब्द, ज्याच्या त्याच्या तारखेसह द्यावेत, एवढाच मार्ग उरतो.

संस्कारांचेही असेच आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या श्रद्धेची मांडणी करणाऱ्या, १५७१ मध्ये पक्क्या झालेल्या एकोणचाळीस कलमांतील पंचविसावे कलम बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन या दोघांनाच शुभवर्तमानातील संस्कार म्हणते आणि परंपरेने मानलेल्या सातांपैकी उरलेल्या पाचांना ते स्थान नाकारते. अमेरिकेतल्या १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात त्याच पाचांना संस्कारसदृश विधी म्हणून जागा मिळाली आहे, आणि एकोणचाळीस कलमे पुस्तकाच्या शेवटी ऐतिहासिक कागदपत्रांत जाऊन बसली आहेत. संस्कार किती, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देणारी नोंद कुठेही दिसली तर ती लिहिणारा एक तर घाईत होता किंवा कोणत्या तरी एका गटाचा होता, असे खुशाल समजावे.

तारखेचा विषय निघालाच आहे, तर माझी मुख्य तक्रार इथेच नोंदवतो. संकेतस्थळावरील नोंदींखाली ऋणनिर्देशाची एक ओळ असते. ती चर्च पब्लिशिंगचे नाव सांगते, कोशाचे पूर्ण नाव सांगते, दोन्ही संपादकांची नावे सांगते. पुस्तकाचे वर्ष मात्र सांगत नाही. त्यामुळे २००० साली लिहिलेला मजकूर आज लिहिल्यासारखा समोर येतो, तोही चर्चच्या अधिकृत संकेतस्थळावर, आजच्या बोधचिन्हाखाली. २०१५ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या सर्वसाधारण परिषदेने विवाहविषयक नियमांतली भाषा स्त्री-पुरुष भेद न करणारी केली. विवाहाविषयी २००० च्या पुस्तकात जे असेल ते त्याच्या पंधरा वर्षे आधीचे असणार, हे वाचकाला कळायला हवे आणि ते कळवणारा एक चार अंकी आकडा पुरेसा आहे. छापील पुस्तक हातात असते तेव्हा पान उलटून वर्ष पाहता येते. एकेक नोंद सुटी होऊन पडद्यावर आली की ते पानच हरवते.

याच्या शेजारी कॅथलिक विश्वकोश ठेवून पाहावा. १९०७ ते १९१२ या काळात निघालेल्या त्या पंधरा खंडांची ऑनलाइन प्रत न्यू ॲडव्हेंट या संकेतस्थळावर आहे. अँग्लिकन दीक्षांविषयीचा तिथला लेख कुणाही अँग्लिकनाला झोंबेल असाच आहे, कारण १८९६ मध्ये तेराव्या लिओ पोपनी त्या दीक्षा पूर्णपणे निरर्थक ठरवल्या होत्या आणि लेख त्याच भूमिकेतून लिहिलेला आहे. परंतु लेखाखाली लेखकाचे नाव आहे, ‘छापण्यास हरकत नाही’ असा परिनिरीक्षकाचा शेरा १ मार्च १९०७ या तारखेसह आहे आणि न्यूयॉर्कच्या आर्चबिशपांची परवानगीही आहे. म्हणजे कोण बोलतो आहे, कोणाच्या अधिकाराने बोलतो आहे आणि केव्हा बोलतो आहे, हे शतकापेक्षा जुन्या लेखात पानावरच सापडते. ज्या मताशी आपले जुळत नाही त्याच्याकडून शिस्त शिकावी लागते तेव्हा जरा अवघड जाते, पण इलाज नाही.

तारीख नसण्याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. या कोशामुळे नव्हे, दुसऱ्याच एका भक्तिभावाने चालवलेल्या संकेतस्थळामुळे, ज्याचे नाव इथे घेत नाही. आमच्या वार्षिक पुस्तिकेत मी कँटरबरीचे आर्चबिशप म्हणून रोवन विल्यम्स यांचे नाव छापले, तेव्हा जस्टिन वेल्बी यांना त्या पदावर येऊन वर्ष होत आले होते. पुस्तिका वाटून झाल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका देवळाच्या दारात मला हळूच म्हणाल्या, “सर, विल्यम्स साहेब कधीच घरी गेले की!” पुस्तिकेच्या दोनशे प्रतींवर मी हाताने शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवली. डिंकाचा तो वास अजून आठवतो.

दुसरी उणीव स्वाक्षरीची. एपिस्कोपल कोशातील नोंदी निनावी आहेत आणि त्यांच्याखाली आधारग्रंथही दिलेले नाहीत. मराठी वाचकाला ही गोष्ट अधिकच खटकते, कारण तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत आकाराला आलेल्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव वाचायची आपल्याला सवय लागली आहे. नाव असले की नोंदीला पत्ता मिळतो. ॲब्सलम जोन्स यांचे उदाहरण पाहा. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चचे ते पहिले कृष्णवर्णीय पाळक. त्यांच्या पाळकपदाच्या दीक्षेचे वर्ष काही ठिकाणी १८०२ तर काही ठिकाणी १८०४ असे आढळते. अशा वेळी कोशकाराने दोहोंपैकी एक वर्ष निवडले, तर ते कोणत्या कागदाच्या आधारे निवडले हे वाचकाला कळायला नको का? आधार नसलेली निवड आणि नजरचूक या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात.

आधार हवा असेल तर मी प्रोजेक्ट कॅन्टरबरीकडे वळतो. १९९९ पासून चालू असलेले हे संकेतस्थळ कोश नाही. स्वामित्वहक्काची मुदत संपलेल्या अँग्लिकन पुस्तकांचा, प्रवचनांचा, पत्रांचा तो संग्रह आहे. पुष्कळ पानांवर मजकुराची नक्कल कुणी उतरवली आणि कोणत्या वर्षी उतरवली, ही साधी ओळ असते. नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, यांच्याविषयीची जुनी इंग्रजी पाने मी तिथेच वाचली. काशीत वाढलेला हा महाराष्ट्रीय ब्राह्मण पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाला आणि पुढे ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे १८६६ साली स्थापन झालेल्या सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट या संघाच्या सहवासात राहिला. अमेरिकन वाचकाला या संघाचे नाव घेतले की बॉस्टन आठवेल. पुण्याच्या वाचकाला या संघाचे पंचहौद मिशन आठवते, आणि पंचहौद म्हटले की टिळक-रानड्यांना प्रायश्चित्तापर्यंत नेणारा तो १८९० चा चहा.

श्रद्धेच्या कोशाला कसोटीवर लावायचे तर मी पंडिता रमाबाईंचे नाव पुढे करीन. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या आश्रयाला असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्या अँग्लिकन झाल्या. पण त्रैक्यासारख्या सिद्धांतांवर आणि चर्चच्या अधिकारावर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्या मुकाट्याने मान डोलावताना दिसत नाहीत, आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनचे काम त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत बसवले नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा त्यांच्या स्मरणाचा दिवस आहे. तिथे त्यांचे नाव ‘पंडिता मेरी रमाबाई’ असे आहे आणि ओळख एकच, पवित्र शास्त्राच्या अनुवादक. शारदा सदन नाही, विधवांचे शिक्षण नाही, वाँटेजच्या भगिनींशी झालेला वाद तर नाहीच. दिनदर्शिकेच्या एका ओळीत एवढे मावणार नाही हे मला मान्य आहे. कोशाला मात्र ती सबब चालणार नाही. ज्या घरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, त्या घराने त्यांचे न पटणेही आपल्याच कोशात लिहावे, अशी माझी अपेक्षा आहे.

वापरायचा कसा, तर माझा अनुभव असा. वास्तू, वस्त्रे, पात्रे, सण, उपासनेतील विधी यांच्यासाठी एपिस्कोपल कोशावर डोळे मिटून विसंबावे. व्याख्या आटोपशीर आहेत, इंग्रजी सोपे आहे आणि शेवटी ‘पाहा’ म्हणून दिलेले निर्देश खरोखर कामाचे आहेत. चरित्रांतील तारखा दुसरीकडे ताडून घ्याव्यात. चर्चच्या आजच्या नियमांसाठी आणि पदाधिकाऱ्यांसाठी तिकडे फिरकू नये. ती माहिती त्याच संकेतस्थळावर अन्यत्र आहे. पैसे पडत नाहीत, नावनोंदणी लागत नाही आणि कमी वेगाच्या इंटरनेटवरही पाने चटकन उघडतात, कारण नोंदीत मजकुराशिवाय फारसे काही नसते.

मराठीत आणताना एक अडचण उरतेच, आणि तिचा दोष कोशाला देता येणार नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन, बॅप्टिस्ट अशा वेगवेगळ्या परंपरांतली कुटुंबे एकाच छताखाली आली. एपिस्कोपल कोशात डीकन म्हणजे बिशप आणि पाळक यांच्याबरोबरचा, हात ठेवून दीक्षा दिलेला तिसरा दर्जा. आमच्या मंडळीतल्या काँग्रिगेशनल परंपरेच्या, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाच्या वडीलधाऱ्यांना डीकन म्हणजे मंडळीने निवडून दिलेला, नोकरी-धंदा सांभाळणारा माणूस वाटतो. मराठी पवित्र शास्त्रात त्या जागी ‘सेवक’ हा शब्द आहे, जो आज दानपेटी फिरवणाऱ्यापासून मुख्यमंत्र्यांपर्यंत कुणालाही लागू पडतो. नार्थेक्सची नोंद आमच्या शब्दसूचीत ‘पडवी’ म्हणून पक्की झाली असून तिच्याखाली कोशाचे नाव, २००० हे वर्ष आणि आम्ही ती पाहिल्याची तारीख लिहिली आहे. डीकनच्या नोंदीचे तीन मसुदे झाले, तिन्हींवर कमिटीत दोन तट पडले, आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ती पुन्हा घेतली आहे.